बंड्याची शू आता गॅलरीत

प्रिय आई-बाबा,

रागावले नाहीये, पण वाईट वाटलं. समोरच्या काकूंनी फोन केला म्हणून कळलं की बाबा परवा रात्री अकराला बंड्याला कडेवर घेऊन उतरताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर घसरले, आणि त्यानंतर दोनदा आपलं बोलणं झालं तरी तुम्ही दोघंही "सगळं ठीक" म्हणालात. खरचटण्यावर निभावलं. पण बाबा, तुम्ही एकाहत्तरचे, आईची हाडं ठिसूळ झालीत, लिफ्ट नाही, जिना पावसात ओला आणि तीन-तीन मजले दिवसातून चार वेळा, कशासाठी तर सहा किलोच्या कुत्र्याला, आपल्या बंड्याला, शू करायला. मला इथे बंगलोरला रात्री झोप लागत नाही हो.

तर मी ठरवलंय की त्याला मागच्या गॅलरीत शिकवायचं. फोनवर सांगितलेलं निसटून जातं म्हणून सगळं लिहितेय, आई हे फ्रिजला लावून ठेव.

आधी तुझा मुद्दा, घरात देव आहेत तिथे कुत्र्याची घाण कशी चालेल. मागची गॅलरी देवघरापासून आणि स्वयंपाकघरापासून घरातली सगळ्यात लांबची जागा आहे, म्हणून तर तीच निवडली. बंड्यालासुद्धा जेवायच्या भांड्याजवळ शू करायला नकोच असतं, त्यामुळे त्याचं पाण्याचं भांडं चुकूनही तिकडे ठेवू नकोस.

खरी अडचण वेगळीच आहे. पिल्लाला शिकवणं सोपं असतं, बंड्या सात वर्षांचा आहे आणि "घरात करायची नाही" हे आपणच त्याच्या डोक्यात पक्कं बसवलंय. तो लहान असताना घरात शू केली की मी त्याचं नाक त्यात लावायचे आणि ओरडायचे, मला तेव्हा कोणीतरी तसं सांगितलं होतं. आता कळतं की त्यातून कुत्रा एवढंच शिकतो की माणसांसमोर शू करणं धोक्याचं, म्हणून तर तो सोफ्यामागे जाऊन करायचा. मला त्याबद्दल अजून वाईट वाटतं. त्यामुळे आता तो गॅलरीत उभा राहून तुमच्या तोंडाकडे बघत बसला तर तो हट्टीपणा नाही, तो घाबरलाय.

मी एक ट्रे पाठवतेय, त्यावर खोटं गवत आहे आणि खाली शू शोषणारं पॅड घालायचं. बंड्याला सात वर्षं पायाखाली माती आणि गवत लागलंय, कुत्र्यांना त्या स्पर्शाची सवय असते, गुळगुळीत टाइल्सवर तो करणारच नाही. पहिले काही दिवस तो नेहमी जातो तिथली मूठभर माती आणि थोडं गवत आणून ट्रेवर टाका (वॉचमनकाकांना सांगा, बाबांनी उतरायचं नाही). खाली केलेली त्याची शू पेपर नॅपकिनने टिपून ट्रेवर ठेवली तर आणखी चांगलं, वासाने त्याला कळतं की जागा हीच. तो पाय वर करून करतो म्हणून ट्रेच्या मधोमध पाण्याने भरलेली दोन लिटरची बाटली उभी करा आणि मागच्या भिंतीला प्लास्टिक लावा. वर्तमानपत्र मात्र अजिबात नको, बाबा अर्धा पेपर जमिनीवर पसरून शब्दकोडं सोडवतात, कुत्र्याला आजचा पेपर आणि कालचा पेपर यातला फरक कसा कळणार.

सकाळी उठल्या उठल्या सुरू करा, तेव्हा रात्रभराची शू साठलेली असते. खाली जाताना घालता तसाच पट्टा घाला, नेहमीसारखं "चल" म्हणा आणि गॅलरीत न्या. "शू कर" एकदाच म्हणायचं आणि पाच-सात मिनिटं गप्प उभं राहायचं, मोबाईल नाही, गप्पा नाहीत. नाही केली तर आत आणा, पट्टा सोडू नका, बाबांनी खुर्चीच्या पायाला अडकवून जवळ ठेवावा, वीस मिनिटांनी परत न्या. जेवल्यावर, झोपून उठल्यावर आणि खेळून झाल्यावर असंच. केली की तिथेच उभं राहून लगेच पनीरचा तुकडा आणि भरपूर लाड, आत येऊन डबा उघडून दिलात तर त्याला वाटेल आत आल्याबद्दल मिळालं. आणि आई, प्रसादाच्या शिऱ्यातला बेदाणा त्याला कधीच देऊ नकोस, द्राक्षं-बेदाण्याने कुत्र्यांची किडनी जाऊ शकते.

तो सुरुवातीला दाबून धरेल. दहा-बारा तास झाले तरी केली नाही तर जबरदस्ती नको, वॉचमनकाकांचा मुलगा संध्याकाळी खाली नेईल, मी त्याच्याशी बोललेय. फार वेळ दाबून धरलं की इन्फेक्शन होऊ शकतं. लहान जातीच्या कुत्र्यांना मुतखडाही जास्त होतो. तो जोर लावतोय आणि काहीच येत नाहीये किंवा शूमध्ये रक्त दिसलं तर ट्रेनिंग बाजूला ठेवून त्याच वेळी रिक्षा करून डॉक्टरांकडे, सकाळची वाट बघायची नाही.

घरात दुसरीकडे केली तर ओरडू नका. करताना दिसला तर नाव घेऊन हाक मारा आणि गॅलरीत न्या, नंतर डबकं सापडलं तर मुकाट्याने पुसा. आई, फिनाइल नको. तो त्याच फरशीवरून चालतो आणि मग पंजे चाटतो. अमोनियावाला क्लीनरही नको, त्याचा वास शूसारखाच येतो आणि तो परत तिथेच करतो. पाठवलेला एन्झाइमचा स्प्रे मारून दहा मिनिटं ठेवायचा, मग पुसायचं. ट्रे रोज मोरीत धुवा, गॅलरीत पाणी ओतू नका, खालच्यांचे कपडे वाळत असतात. शी उचलून संडासात, पॅड डायपरसारखं कागदात गुंडाळून कचऱ्यात. हातमोजे घालाच.

हातमोजे लेप्टोसाठी, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार. तो उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात येतो, कुत्र्याला होतो आणि त्याच्या शूमधून माणसालाही होऊ शकतो. 2005 च्या 26 जुलैनंतर मुंबईत साथच आली होती, बाबा तुम्ही तेव्हा ठाण्याहून रुळांवरून चालत आलात आणि आई आठ दिवस तुमचा ताप बघत होती, मला आठवतंय. बंड्याची यंदाची लस राहिलीये, मी डॉक्टरांची शनिवारची वेळ घेतलीये.

बाबा, सकाळचं फिरणं बंद करा असं मी म्हणत नाहीये. तुम्हाला कट्ट्यावरची मंडळी भेटतात, त्याला वास घ्यायला मिळतात, ते हवंच. फक्त जिना कोरडा असेल, उजेड असेल आणि तुम्हाला बरं वाटत असेल तेव्हा जा, त्याने दारात भुंकून घाई केली म्हणून नको.

पार्सल गुरुवारपर्यंत येईल, मी शुक्रवारी रात्रीच्या बसने निघतेय आणि दोन आठवडे घरूनच काम करणार आहे, तेव्हा पहाटेची पाळी माझी. तोपर्यंत पाऊस असेल त्या रात्री नऊनंतर खाली जाऊ नका, फरशीवर केली तर करू दे, मी येऊन पुसते.

तुमची,
मनू