हत्तीरोगाच्या गोळ्या फडताळात ठेवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या आत्याचा डावा पाय हत्तीपायाने सुजलेला आहे. लग्नकार्यात ती मागच्या खोलीत बसते आणि लुगड्याचा काठ सारखा खाली ओढत राहते. आमच्या पूर्व विदर्भात असे पाय नवे नाहीत. तरी कोणी त्याला पिढीजात म्हणतो, कोणी करणी. काही जण तर तिच्या शेजारी बसायलाही कचरतात.

खरे कारण आहे धाग्यासारखा बारीक कृमी. तो शरीरातल्या लसिकावाहिन्यांत, म्हणजे अंगातला पाण्यासारखा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत, अनेक वर्षे जगतो. त्याची डोळ्यांना न दिसणारी पिल्ले रात्री रक्तात उतरतात, म्हणूनच तपासणीसाठी बोटातले रक्त रात्री घेतात. हा रोग पसरवणारा क्युलेक्स जातीचा डासही रात्रीच चावतो. त्याच्या पोटात गेलेली पिल्ले दहा-पंधरा दिवसांत वाढतात आणि पुढच्या माणसाच्या अंगात शिरतात. सूज दिसायला मात्र वर्षे जातात. तोवर तो माणूस धडधाकट हिंडत असतो आणि रोग पसरतो तो बहुधा त्याच्याकडून. आत्यापासून लांब बसून काय मिळते?

म्हणूनच सामुदायिक मोहिमेतल्या गोळ्या निरोग्यांनीही घ्यायच्या असतात. दोन वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी तेवढे वगळायचे. पण आमच्याकडे गोळ्या वाटायला भर दुपारी येतात. माणसे शेतावर, घरी असलेल्याचे पोट रिकामे. ‘जेवून घेतो’ म्हणून पुडी फडताळात जाते ती तिथेच राहते. गोळीनंतर थोडा ताप, चक्कर येते, त्याचीही धास्ती आहे. रक्तातले जंतू मरताना असा त्रास होतो, हे घरोघर नीट सांगायला हवे. पथक संध्याकाळी, जेवणाच्या वेळेनंतर यावे आणि गोळ्या समोरच गिळायला लावाव्यात.

दुसरी मागणी ग्रामपंचायतींकडे. हा डास घाण पाण्यात वाढतो: तुंबलेल्या नाल्यांत, शौचालयाच्या टाक्यांत. गावोगाव शौचालये झाली ती चांगलीच गोष्ट, पण टाकीच्या हवेच्या पाइपावर जाळी क्वचितच दिसते. जुन्या नायलॉनच्या कापडाचा तुकडा सुतळीने घट्ट बांधला तरी काम होते. पावसाळ्याआधी प्रत्येक वॉर्डात हे करून घ्यावे, आणि जाळी फाटली तर बदलण्याची जबाबदारी कोणाची, तेही ग्रामसभेत ठरवावे.

– एक वाचक, ब्रह्मपुरी (जि. चंद्रपूर)