चौथी सीट आणि डार्विन

महोदय,

‘नीतिमत्ता उत्क्रांतीतून आली, म्हणून तिला वस्तुनिष्ठ आधार नाही’ अशा आशयाचा लेख रविवारच्या पुरवणीत वाचला. त्यातलं ‘म्हणून’च्या आधीचं सगळं मान्य. शाळेत जीवशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला. अडतं ते ‘म्हणून’पाशी.

रक्त पिणारी वटवाघळं उपाशी सोबत्याला आपल्या पोटातलं रक्त ओकून भरवतात. दोन-तीन रात्री काही मिळालं नाही तर ती मरतात, आणि आज देणाऱ्यावर उद्या मागायची पाळी येतेच. जीवशास्त्रज्ञ जेराल्ड विल्किन्सन यांनी हे १९८४ मध्ये दाखवलं. त्यामागचा हिशेब रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७१ मध्येच मांडला होता. आमच्या सकाळच्या लोकलमधला ग्रुप याहून वेगळं काय करतो? आपल्या माणसासाठी जागा धरायची, घाटकोपर आलं की उठून दुसऱ्याला बसवायचं, तिघांच्या बाकावर चौथ्या सीटसाठी सरकायचं. समोर अनोळखी म्हातारा लोंबकळत असेल तर मात्र खिडकीबाहेर बघायचं. मीही बघितलं आहे.

डार्विन १८७१ मध्ये लिहून गेले की माणसं मधमाश्यांसारखी वाढली असती, तर अविवाहित बायकांना, कामकरी माश्यांसारखंच, भावांना मारणं पवित्र कर्तव्य वाटलं असतं. वाटलं असतं, खरंच. पण ते योग्य ठरलं असतं का, हा प्रश्न तरीही उरतोच. पाढेही याच मेंदूने रचले, म्हणून सातआठे छप्पन हे काही उत्क्रांतीच्या मर्जीवर नाही. (पाढ्यांवरून कोणी डोकी फोडत नाही, नीतीवरून फोडतात, तेवढी ही उपमा लंगडी आहे, हे कबूल.)

डोकी फुटलेलं उदाहरणच घ्या. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांसोबत महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायलेल्यांनी मार खाल्ला. मारणाऱ्यांनाही आपण धर्मच राखतोय असं मनापासून वाटत होतं. आपला-परका हा भेद उत्क्रांतीचाच, आणि अन्यायाची चीडही तिचीच. मग ‘दोघंही आपापल्या जागी बरोबर’ असं लेखक म्हणतील का?

माझ्याच्याने म्हणवत नाही. तो वस्तुनिष्ठ आधार नेमका कुठे आहे, यावर बोट ठेवणंही मला जमलेलं नाही. वर्गात एका मुलीने हेच विचारलं होतं, तेव्हा तास संपल्याची घंटा झाली म्हणून सुटलो.

— एक निवृत्त शिक्षक, भांडुप (पूर्व), मुंबई