समुद्राच्या करारात ‘लिहून घेणार’ कोण?

महोदय,

जमीन आणि समुद्र यांचा किमान ३० टक्के भाग २०३० पर्यंत संरक्षणाखाली आणायचा, असे कुनमिंग-माँट्रियल या जागतिक जैवविविधता आराखड्यात २०२२ मध्ये ठरले. सागरी संवर्धन करारांच्या बातम्या वाचताना ‘स्थानिकांना विश्वासात घेऊन’ हे शब्द आले की मी थबकतो. माझी उभी हयात भाडेपट्टे आणि भागीदारीपत्रे लिहिण्यात गेली. विश्वासात घेतले म्हणजे नुसती सही घेतली, की सहीआधी अटी बदलू दिल्या?

अशा करारात मच्छीमार ठरावीक जागी किंवा ठरावीक महिन्यांत जाळे टाकायचे नाही, असे लिहून देतात. मोबदल्यात भरपाई, दुसरा रोजगार, किंवा उरलेल्या पाण्यावरचा त्यांचा हक्क कागदावर यायला हवा. सोडायची जागा अक्षांश-रेखांशांसह नोंदलेली आणि मोबदल्यापुढे मात्र ‘प्रयत्न केले जातील’, असा मसुदा माझ्यापुढे आला असता तर मी अशिलाला सही करू दिली नसती.

मुदतीचा मुद्दा तर कुणी काढतच नाही. मादागास्करच्या नैऋत्य किनाऱ्यावरील आंदावादोआका गावाने २००४ मध्ये ऑक्टोपस धरण्याची एक जागा काही महिन्यांपुरती बंद ठेवली. ऑक्टोपस झपाट्याने वाढतो. त्यामुळे बंदी उठल्यावर मोठाले ऑक्टोपस हाती लागले आणि पुढे आसपासच्या गावांनीही तोच मार्ग धरला. बंदी कधी उठणार हे आधीच ठाऊक, आणि फायदा वर्षभराच्या आत पदरात. कायमची बंदी मागणाऱ्यांनी आधी एवढे करून दाखवावे. तिथे ओहोटीच्या वेळी उथळ प्रवाळावर ऑक्टोपस धरण्यात बायकांचा मोठा वाटा असतो. होडीमालकांची सभा भरवून सह्या गोळा केल्या, तर ज्यांचे उत्पन्न थांबणार त्या बायकांची नावे कागदावर येतच नाहीत.

दुसरे उदाहरण हिंद महासागरातल्या, ब्रिटनच्या ताब्यातील चागोस बेटांचे. तिथल्या रहिवाशांना १९७३ पर्यंत सक्तीने हलवण्यात आले होते. २०१० मध्ये ब्रिटनने त्या बेटांभोवती प्रचंड सागरी राखीव क्षेत्र जाहीर केले. त्या बेटांवर हक्क सांगणाऱ्या मॉरिशसने दाद मागितली. आपले हक्क पुरेसे विचारात न घेता हे झाले, हे त्याचे म्हणणे उचलून धरत आंतरराष्ट्रीय लवादाने २०१५ मध्ये ब्रिटनने सागरी कायद्याच्या करारातील कर्तव्ये मोडल्याचा निर्णय दिला. प्रवाळ वाचवण्याचा हेतू कितीही चांगला असो, ज्याचा हक्क आहे त्याला वगळून केलेला कागद टिकत नाही.

वकील म्हणून मला सर्वांत जास्त खटकते ती गोष्ट वेगळीच आहे. करार सही करणाऱ्यालाच बांधतो. गावाने जाळी आवरली आणि रात्री बाहेरचा ट्रॉलर येऊन तीच जागा खरवडून गेला, तर गाव कुणावर दावा लावणार? ट्रॉलरवाला तिऱ्हाईत, त्याने काहीच लिहून दिलेले नाही. त्याला अडवण्याचा अधिकार फक्त सरकारकडे असतो. म्हणून सरकारने साक्षीदार म्हणून कोपऱ्यात सही करून भागत नाही. ते पक्षकार हवे, आणि गस्त चुकली तर बंदी पाळण्याचे गावावरचे बंधन सैल होईल, हे कलमही हवे. ते घालायला बहुतेक अधिकारी कचरतील, हे मला ठाऊक आहे.

एवढे सगळे करत बसलो तर काम कधी व्हायचे, असे म्हणणाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळपट्ट्याकडे पाहावे. तिथे नव्या विभागणीवर ३१ हजारांहून अधिक लेखी सूचना आल्या, मसुद्यातल्या सीमा बदलल्या, आणि तरीही २००४ मध्ये संपूर्ण मासेमारीबंदीचे क्षेत्र पाच टक्क्यांच्या आतून सुमारे ३३ टक्क्यांवर गेले.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. यापुढे अशा कराराची बातमी देताना क्षेत्रफळाबरोबर मुदत किती, मोबदला कोण आणि कधी देणार, आणि तक्रार कुठे नोंदवायची, एवढे विचारून छापावे.

– एक निवृत्त वकील