कटिंग-ग्राइंडिंगवाल्या सगळ्यांसाठी: धुळीबद्दल, प्लीज पूर्ण वाचा

मंडळी, दगड, टाइल्स, काँक्रीट कापणाऱ्या सगळ्यांनी हे वाचाच, आणि जे ग्रुपवर फारसे येत नाहीत त्यांना फोन करून सांगा. डोळ्याला दिसते ती धूळ बरीचशी नाकातच अडकते, खरा धोका दिसतच नाही त्या बारीक सिलिकाचा (दगड, वाळू, काँक्रीटमध्ये असणारं खनिज), ती थेट फुफ्फुसात खोल जाऊन बसते आणि तिथे हळूहळू व्रण धरतात, त्यालाच सिलिकोसिस म्हणतात. एकदा झाला की बरा होत नाही, औषधाने फक्त त्रास कमी करता येतो, आणि वर टीबीचा धोका वाढतो तो वेगळाच. क्वार्ट्झच्या तयार स्लॅबमध्ये (किचन ओट्याला लावतात त्या, कारखान्यात बनवलेल्या) तर ९० टक्क्यांच्या वर सिलिका असू शकते, म्हणून तर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून तसल्या स्लॅबवर बंदीच घातली.

तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही हो! ब्लेडवर पाणी सोडूनच कापा, आणि मास्क एन-९५ किंवा त्याहून चांगलाच घ्या, दाढी असेल तर तो नीट बसत नाही, कडेने धूळ आत जाते. सुका झाडू मारू नका, कपडे हवेच्या प्रेशरने झटकू नका, कामाचे कपडे घरच्यांच्या कपड्यांत धुवायला टाकू नका.

जिना चढताना दम लागतोय, कोरडा खोकला जात नाहीये, तर डॉक्टरला आपण काय काम करतो आणि किती वर्षं करतो हे न विचारता स्वतःहून सांगा, कारण एक्स-रेवर हे टीबीसारखं दिसू शकतं आणि उपचार भलतेच सुरू होतात.