दळवींची कादंबरी, मधले नाटक आणि पडदा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जयवंत दळवी यांच्या जन्मशताब्दीनिमित्त आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. लेख आस्थेने लिहिलेला आहे. मात्र त्यासोबत ‘दळवींच्या कादंबऱ्यांवरील चित्रपट’ अशी जी चौकट छापली आहे, तीत ‘चक्र’, ‘रावसाहेब’, ‘महानंदा’ आणि ‘उत्तरायण’ ही चार नावे एकाखाली एक अशी दिली आहेत, की चारही गोष्टी पुस्तकातून उचलून थेट पडद्यावर ठेवल्या असाव्यात असा वाचकाचा समज व्हावा. वस्तुस्थिती तशी नाही. ही चूक निव्वळ तपशिलाची आहे असेही मला वाटत नाही, म्हणून हे पत्र.

या चौघांपैकी कादंबरीतून सरळ पडद्यावर गेलेले आणि मध्ये रंगमंचाचे नावही न निघालेले उदाहरण एकच, ते ‘चक्र’चे, आणि तेही मराठीत नव्हे, हिंदीत. कादंबरी १९६३ सालची आणि रवींद्र धर्मराज यांचा चित्रपट १९८१ सालचा, म्हणजे मध्ये तब्बल अठरा वर्षे गेली. स्मिता पाटील यांना यातील अम्माच्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाल्याचे लेखात आले आहे. परंतु त्याच वर्षी लोकार्नोच्या महोत्सवात या चित्रपटाला गोल्डन लेपर्ड हा सर्वोच्च सन्मान मिळाला आणि त्याच वर्षी दिग्दर्शक धर्मराज यांचे निधन झाले, याचाही उल्लेख असता तर बरे झाले असते. हा त्यांचा पहिलाच कथापट, आणि शेवटचाही तोच ठरला. मुंबईतील एका मराठी लेखकाने लिहिलेली झोपडपट्टी स्वित्झर्लंडमधील प्रेक्षकांपर्यंत नेऊन हा माणूस गेला, आणि मराठी वाचकाला त्याचे नावही आज आठवत नाही.

येथे थोडे स्वतःविषयी. मी तालुक्याच्या गावातील एका सार्वजनिक वाचनालयात एकतीस वर्षे ग्रंथपाल होतो. आमच्याकडील ‘चक्र’च्या प्रतीत मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला तारखांची चिठ्ठी डकवलेली होती. त्या चिठ्ठीवर सुरुवातीची कित्येक वर्षे वर्षाकाठी तीन-चार शिक्के दिसत. चित्रपट आला आणि शिक्के एकमेकांना खेटून पडू लागले. वर्ष उलटायच्या आत मला जुन्या चिठ्ठीवर नवी चिकटवावी लागली. त्या गर्दीतील एक गृहस्थ तिसऱ्याच दिवशी पुस्तक परत घेऊन आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “पोस्टरवर दाखवलंय तसं यात फारसं काही नाही हो.” उघड्यावर अंघोळ करणाऱ्या नायिकेच्या त्या पोस्टरवर तेव्हा बरीच टीका झाली होती. मी त्यांना काही बोललो नाही, पण दळवींनी ‘ठणठणपाळ’ या आपल्या टोपणनावाने ‘ललित’ मासिकातील विनोदी सदरात त्यांचा समाचार कसा घेतला असता, याची कल्पना करीत पुस्तक फळीवर ठेवले.

आता ‘रावसाहेब’. दळवींची कादंबरी आहे ‘अंधाराच्या पारंब्या’. तिच्यावरून त्यांनी स्वतःच ‘बॅरिस्टर’ हे नाटक लिहिले, ते १९७७ साली विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आले आणि विक्रम गोखले यांनी बॅरिस्टरची भूमिका केली. चित्रपट त्यानंतरचा. तो विजयाबाईंनीच दिग्दर्शित केला, अनुपम खेर यांना मुख्य भूमिका दिली, आणि स्वतः केलेल्या मावशीच्या भूमिकेसाठी १९८५ सालच्या सहायक अभिनेत्रीच्या राष्ट्रीय पुरस्काराच्या त्या मानकरी ठरल्या. म्हणजे विलायतेहून शिकून आलेला, सुधारणेच्या गोष्टी बोलणारा, पण एका तरुण विधवेचा हात धरण्याची वेळ येताच पाय मागे घेणारा हा माणूस पडद्यावर येईपर्यंत दोनदा बेतला गेला होता, आणि त्यातील पहिली कात्री खुद्द लेखकाच्या हातची होती. नाटकासाठी गोष्ट वाड्याच्या भिंतींच्या आत आणावी लागते. निवेदकाला जे दोन पाने सांगता येते ते मावशीच्या एका वाक्यात बसवावे लागते. ‘रावसाहेब’ पाहताना वाडा अंगावर येतो, माणसे खोलीतून खोलीत जातात आणि दाराशी थबकून बोलतात. ही बांधणी मला तरी नाटकाची वाटते. चित्रपटाचे श्रेय थेट कादंबरीला देऊन टाकले, तर दळवी नावाच्या नाटककाराने केलेले काम आपण पुसून टाकतो.

‘महानंदा’ची वाट तर आणखी वेगळी आहे. भाविणीच्या, म्हणजे देवळाच्या सेवेला वाहिलेल्या स्त्रीच्या, कुळात जन्मलेल्या मुलीची ही कादंबरी रंगमंचावर आली ती ‘गुंतता हृदय हे’ या नावाने, आणि ते नाटक दळवींनी नव्हे, शं. ना. नवरे यांनी लिहिले. आपल्या लेखात शन्नांचे नावच नाही! पुढे कादंबरीच्याच नावाने चित्रपट निघाला. त्यातील ‘मागे उभा मंगेश’ हे शांता शेळके यांचे गीत आशा भोसले यांच्या आवाजात आजही सकाळच्या वेळी भक्तिगीत म्हणून लागते. आमच्या शेजारच्या काकू ते ऐकत देवाची भांडी घासतात. हे गाणे देवळाशी जन्माने बांधल्या गेलेल्या बायकांच्या गोष्टीतून आले आहे, असे मी त्यांना सांगितले तेव्हा त्या घासायच्या थांबल्या आणि “खरं की काय?” म्हणाल्या. कादंबरी त्यांनी अजून वाचलेली नाही, पण मागून नेली आहे.

‘उत्तरायण’विषयी फार लिहिण्याची गरज नाही. बिपिन नाडकर्णी यांचा हा २००४ सालचा चित्रपट, उतारवयात पुन्हा भेटलेल्या दोघांचा, दळवींच्या ‘दुर्गी’ या नाटकावर आधारलेला आहे. तो त्या चौकटीत बसत नाही, एवढेच.

ही छाननी मला महत्त्वाची वाटते, कारण दळवींच्या कादंबरीत सर्वांत मोलाचा असतो तो सांगणाऱ्याचा आवाज. गोव्यातील हडफडे येथे १९२५ साली जन्मलेला, वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीत वाढलेला आणि मुंबईत वृत्तपत्रांत व नंतर अमेरिकन माहिती खात्यात नोकरी केलेला हा लेखक माणसाकडे निवाड्याची घाई न करता पाहत असे. ‘सारे प्रवासी घडीचे’मधील गावकऱ्यांकडे तो ज्या नजरेने पाहतो, त्याच नजरेने ‘चक्र’मधील अम्मा आणि बेन्वाकडेही पाहतो, दया नाही, तिटकाराही नाही. नाटक झाले की हा आवाज गळतो आणि संवाद उरतात. पुढे त्या संवादांचा चित्रपट होतो, तेव्हा मुळात असा काही आवाज होता हे प्रेक्षकाला कळण्याचा मार्गच राहत नाही. धर्मराजांच्या हाती संवादांची तयार संहिता नव्हती, त्यांना फक्त ती नजर मिळाली होती आणि तिच्यासाठी त्यांना कॅमेऱ्याची जागा शोधावी लागली. म्हणूनच, भाषा बदलूनही, चौघांत तोच चित्रपट मला दळवींच्या सर्वांत जवळचा वाटतो. याबद्दल दुमत असू शकते. नाटकाच्या जाणकारांनी ‘रावसाहेब’ची बाजू घेऊन अवश्य लिहावे.

आपल्याला विनंती एवढीच, की ती चौकट दुरुस्त करून पुन्हा छापावी: ‘रावसाहेब’समोर कादंबरी आणि नाटक या दोहोंची नावे द्यावीत, ‘महानंदा’च्या ओळीत ‘गुंतता हृदय हे’ आणि शं. ना. नवरे यांचा उल्लेख करावा, आणि ‘उत्तरायण’समोर ‘दुर्गी (नाटक)’ असे स्पष्ट लिहावे.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल
जि. सिंधुदुर्ग