इथिलीन आणि कार्बाइड एकाच ओळीत छापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आंब्याचा सीझन आला की 'केमिकलने पिकवलेल्या आंब्यांपासून सावधान' ही बातमी ठरलेली, आणि त्यात कार्बाइड आणि इथिलीन दोन्ही एका माळेत ओवलेले असतात. देवगडला आमची थोडी कलमं आहेत. मागच्या वर्षी मुंबईच्या एका जुन्या गिऱ्हाईक ताईंनी अशीच बातमी वाचून फोन केला, भाऊ तुम्ही गॅस देता का, देत असाल तर पेटी नको. अर्धा तास समजावलं तरी त्यांना पटलं नाही, तेव्हापासून हे डोक्यात आहे.

इथिलीन हा गॅस आंबा स्वतःच बनवतो हो! ते झाडाचं हार्मोन आहे. आई आढी घालताना पेंढ्यात एखादा पिकत आलेला आंबा मुद्दाम मधे ठेवायची, त्याच्यामुळे बाकीचे लवकर धरतात म्हणायची, ते याचमुळे. फळाच्या पेशीत इथिलीन ओळखणारी प्रथिनं असतात, इथिलीन नसताना ती पिकण्याच्या कामाला ब्रेक लावून बसलेली असतात, गॅस येऊन चिकटला की ब्रेक सुटतो आणि निरोप पेशीच्या केंद्रकापर्यंत जातो, तिथे एकेक जीन चालू होतात. कुठला स्टार्चची साखर करायला लावतो, कुठला पेशींच्या भिंतीतलं पेक्टिन तोडून गर मऊ करतो, कुठला केशरी रंग बनवतो, आणि काही जीन तर अजून इथिलीन बनवायला लावतात, म्हणून एकदा सुरू झालं की थांबत नाही, दोन दिवसांत अख्ख्या खोलीत वास सुटतो.

टोमॅटोचं एक वाण आहे, 'नेव्हर राइप' नावाचं, त्यात इथिलीन ओळखणारं एक प्रथिनच बिघडलेलं आहे. त्याला बाहेरून कितीही गॅस द्या, ते नीट पिकतच नाही. म्हणजे गॅस काही फळाला शिजवत नाही, तो फक्त निरोप देतो, पिकायचं काम फळाच्या जीन्सनीच करायचं असतं.

कार्बाइडची गोष्ट वेगळी. ओल लागली की त्यातून ॲसिटिलीन निघतो, तो इथिलीनची नक्कल करतो पण कमी ताकदीची, आणि बाजारातल्या कार्बाइडमधे आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात, म्हणून त्यावर बंदी आहे आणि ती असायलाच हवी. इथिलीन गॅसला मात्र एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, 2016 मधे 100 पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) परवानगी दिलेली आहे.

खरा घोटाळा कोवळा आंबा काढण्यात आहे आणि त्यावर कोणी लिहीत नाही. टोमॅटोवरच्या संशोधनात दिसलंय की कच्च्या फळात पिकण्याच्या जीन्सवर मिथाइलची रासायनिक कुलुपं असतात, फळ तयार होत जातं तशी ती निघत जातात. कुलूप निघायच्या आधी निरोप येऊन उपयोग काय? आम्ही एका वर्षी भावाच्या लोभाने आठवडाभर आधी आंबा काढला होता. साल छान पिवळी झाली, कापला तर बाठीजवळ गर पांढरा आणि आंबट, ती पेटी आम्ही परत घेतली आणि पैसे परत दिले. झाडावर तयार झालेल्या फळाचे खांदे देठाच्या वर येतात आणि देठाशी खड्डा पडतो, हे बघूनच आंबा उतरवायचा झेला लावायचा असतो.

द्राक्षं, डाळिंबं यांना तर इथिलीनने असा फरक पडतच नाही, द्राक्षात मुख्य काम ॲब्सिसिक ॲसिड नावाचं दुसरं हार्मोन करतं आणि वेलीवरून उतरवल्यावर ती गोड होत नाहीत. तरी 'गॅसवर पिकवलेली द्राक्षं' असं लोक बिनधास्त बोलतात.

तेव्हा पुढच्या बातमीत या दोन गोष्टी वेगवेगळ्या छापाव्यात ही कळकळीची विनंती. हवं तर मी कोवळा आणि तयार, दोन्ही आंबे कापून शेजारी ठेवलेला फोटो पाठवतो, तो बातमीसोबत टाका.

आपला,
एक आंबा बागायतदार वाचक, देवगड