प्रवेश दिलात, आता खाट कुठे ते सांगा

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: कॉलेजात प्रवेश मिळूनही राहायला जागा नसलेल्या मुलींबाबत

महोदय,

सविनय नमस्कार. मी श्रीरामपूर तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. मंत्र्यांना पत्र लिहिण्याची माझी ही पहिलीच वेळ. काही कमीजास्त लिहिलं गेलं तर आधीच माफी मागते. गेल्या मंगळवारची रात्र मी आणि माझ्या मुलीने पुण्यात वाकडेवाडीच्या एसटी स्टँडवर बसून काढली, म्हणून लिहिते आहे.

मुलीला बारावीला 81 टक्के पडले. पुण्यातल्या एका ख्रिस्ती कॉलेजात बी.ए.ला नंबर लागला. कॉलेजचं नाव लिहीत नाही, तिला तिथे अजून तीन वर्षं काढायची आहेत. जूनमध्ये प्रवेशाला गेलो तेव्हा खिडकीवरच्या मॅडमना मी एकच प्रश्न तीनदा विचारला, "हॉस्टेल मिळेल ना?" त्या म्हणाल्या, "बाहेरगावच्या मुलींना आधी देतो, तुम्ही फी भरून टाका." माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर हॉस्टेलचा फोटोही होता. मी फी भरली. मंगळवारी पत्र्याची पेटी, गादीची वळकटी आणि चिवड्याचे डबे घेऊन गेटवर उतरलो, तर बोर्डावर कागद लावलेला: इमारतीची दुरुस्ती असल्याने यंदा वसतिगृह बंद. कागदावरची तारीख आमच्या फीच्या पावतीच्या चार दिवस आधीची होती. म्हणजे पैसे घेताना त्यांना ठाऊक होतं.

वॉचमनदादांनी पेटी त्यांच्या खोलीत ठेवून घेतली आणि आम्ही मायलेकी कॉट शोधायला निघालो. पुण्यात त्याला "कॉट बेसिस" म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. पहिल्या घरी एका हॉलमध्ये सहा कॉट. महिना 7,500, दोन महिन्यांचं डिपॉझिट, जेवण वेगळं. खिडकी होती, पण तिच्यासमोर कपाट उभं केलेलं. दुसऱ्या घरच्या आजी प्रेमळ वाटल्या, चहा दिला. मग आडनाव विचारलं. मग म्हणाल्या, "ख्रिश्चन का तुम्ही? आमच्याकडे सगळं शाकाहारी असतं हो." मी म्हटलं, मुलगी बाहेरून काही आणणार नाही. "तसं नाही, बाकीच्या मुलींनाही चालायला हवं ना." आमचे दोन कप त्यांनी इतर भांड्यांत न घालता मोरीच्या कडेला वेगळे ठेवले. मी ते पाहिलं नव्हतं. मुलीने पाहिलं आणि रात्री दोन वाजता स्टँडच्या बाकावर मला सांगितलं.

संध्याकाळपर्यंत अकरा ठिकाणं झाली. शेवटची गाडी चुकली. लॉजचं भाडं ऐकून मी परत फिरले. रात्रभर माझा हात तिच्या बॅगेच्या पट्ट्यात अडकवलेला होता. एक माणूस दर अर्ध्या तासाने समोर येऊन बसायचा, काही बोलायचा नाही, नुसता बघायचा. मी सकाळपर्यंत डोळा मिटला नाही. तुमच्या घरातली एखादी मुलगी कधी अशी बसली आहे का?

माझ्या हातात महिन्याला 13 हजार पडतात. नवरा चार वर्षांपूर्वी गेला. कॉट आणि मेस धरून 11 हजार द्यायचे, तर मागे सासूबाईंच्या गोळ्या आणि धाकट्याची शाळा 2 हजारांत बसवायची. तुम्ही बसवून दाखवा.

2024 च्या जुलैत सरकारने 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या दुर्बल आणि मागास घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. चांगलं केलंत. माझी बी.ए.ला आहे, ती त्यात येत नाही. आली असती तरी फी माफ झालेल्या मुलीने झोपायचं कुठे? मुलगी गावात शिकू शकत नाही म्हणून तर ती शहरात येते. तिच्या शिक्षणातला सगळ्यात मोठा खर्च छपराचा आहे, आणि नेमकं तेच कुणी मोजत नाही.

आमच्या समाजात जुनी माणसं मूल शाळेला गेलं असं म्हणत नसत, "बोर्डिंगला गेलं" म्हणत. माझी आजी नगरच्या मिशनच्या बोर्डिंगमध्ये शिकली, म्हणून आमच्या घरात अक्षर आलं. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. विधवा मुलींना त्यांनी आधी राहायला जागा दिली, मग पाटी दिली. शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात एकापाठोपाठ एक बोर्डिंगं उभी केली, त्यांत ख्रिस्ती मुलांसाठीही एक होतं. पुण्यातच 1909 पासून पूना विद्यार्थी गृह आहे, 1955 मध्ये अच्युतराव आपट्यांनी सुरू केलेली विद्यार्थी सहाय्यक समिती आहे. या लोकांना कळत होतं की खेड्यातल्या पोराला वर्गाआधी खाट लागते. आज कॉलेजला नवी तुकडी हवी असली की तपासणी समिती येते, वर्गखोल्या बघते, ग्रंथालय बघते, प्राध्यापक मोजते. खाटा कोण मोजतं?

आणि आमच्या कॉलेजवाल्यांनाही मी सोडणार नाही. राज्यघटनेच्या कलम 30 ने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था काढायचा आणि चालवायचा हक्क दिला. तो हक्क कुणासाठी आहे? श्रीरामपूर, राहुरी, नेवाशाच्या वस्त्यांतली लेकरं हरेगावच्या मतमाउलीला, म्हणजे मरियामातेला, मेणबत्ती लावून परीक्षेला बसतात, त्यांच्यासाठीच ना? अल्पसंख्याक म्हणून दर्जा घ्यायचा आणि त्याच समाजातली मुलगी दारात पेटी घेऊन उभी राहिली की दुरुस्तीचा कागद दाखवायचा.

बुधवारी एका सरकारी कार्यालयात गेले. स्वाधार योजनेचं ऐकलं होतं. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांना पुण्यासारख्या शहरात वर्षाला 60 हजार मिळतात. आमच्या शेजारच्या गल्लीतल्या मुलीला मिळतात, आणि तिला मिळतात याचा मला आनंद आहे. तिचे आणि माझे पणजोबा एकाच वस्तीतले. दोघांनाही गावच्या विहिरीवर पाणी नाकारलेलं. माझ्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला, एवढाच फरक. साहेबांनी दाखला परत सरकवला, "तुम्ही यात बसत नाही." 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जाती हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956 मध्ये शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले, ते योग्यच झालं. आम्ही बाहेरच राहिलो. 2007 मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची अट काढा म्हणून सांगितलं. 2022 मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आणखी एक आयोग नेमला. आयोग बसतात, मुदती वाढतात, मुली कॉलेज सोडतात. त्या आजींनी आमचे कप वेगळे ठेवले तेव्हा बाप्तिस्म्याने आमची जात पुसली का, हे कुठल्या आयोगाने विचारावं?

हे दिल्लीचं काम आहे असं तुम्ही म्हणाल. मान्य. पण तुमच्या हातातलं सांगते. राहायची सोय आहे की नाही हे कॉलेजने लेखी दिल्याशिवाय बाहेरगावच्या मुलीकडून फी घेऊ देऊ नका. हॉस्टेल बंद असेल तर मुलीला पूर्ण फी परत घेऊन दुसरीकडे जाता आलं पाहिजे. तुकडी वाढवून देताना खाटा मोजा. आणि निर्वाह भत्ता देताना आईची कमाई बघा, प्रार्थना कुठे करते ते बघू नका.

सध्या मुलगी वडगाव शेरीला लांबच्या नातेवाइकांच्या स्वयंपाकघरात झोपते. पहाटे पाचला त्यांची भांडी सुरू होतात, तेव्हा तिला गादी गुंडाळावी लागते. महिन्याअखेरीला त्यांच्याकडे पाहुणे येणार आहेत. पेटी अजून वॉचमनदादांच्या खोलीत आहे, त्यांनी ती पावसापासून प्लास्टिकने झाकली आहे. ती मी कुठे न्यायची, तेवढं कळवा.

आपली,
बी.ए.च्या पहिल्या वर्षातल्या एका मुलीची आई
तालुका श्रीरामपूर